रात्रीच्या पुण्यात आमची पोरे कोणत्या दाराने आत जातात?

पुण्याच्या वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्या उघडल्या की एक बातमी हमखास सापडते. कोरेगाव पार्कात नवा लाऊंज उघडला, बालेवाडीच्या हाय स्ट्रीटवर नवा पब आला, कल्याणीनगर, विमाननगर, खराडी, बाणेर येथे गच्चीवरचे हॉटेल सुरू झाले. पेन्शनरांचे शहर आणि विद्येचे माहेरघर म्हणून मिरवणारे पुणे आता मध्यरात्र उलटून गेली तरी जागे असते. हिंजवडी, मगरपट्टा आणि खराडीच्या आयटी कंपन्यांतून महिन्याच्या महिन्याला निघणारा पगार शनिवारी रात्री या रस्त्यांवर खर्च होतो. शहर वाढले की असे होणारच, असे म्हणून काही लोक टाळ्या वाजवतात. संस्कृती बुडाली म्हणून दुसरे काही लोक ऊर बडवतात. वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर जी चर्चा चालते ती या दोन पक्षांतच चालते.

भोर शहराला लागून असलेल्या उत्रोलीतून हेच पुणे वेगळे दिसते. भोर ते पुणे हे अंतर साधारण पन्नास किलोमीटरचे. कापूरहोळच्या फाट्याला महामार्ग गाठायचा, कात्रज उतरायचे आणि स्वारगेटला एसटीतून खाली पाय ठेवायचा. ब्रिटिश काळात बांधलेल्या भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणकडे जाते, आणि धरण उशाला असणाऱ्या भोर-वेल्ह्यातील भूमिहीन व अल्पभूधारक घरांतली पोरे कामासाठी पुण्याकडे जातात. भाताचा हंगाम संपला की गावात हाताला काम उरत नाही. पूर्वी ही पोरे मुंबईच्या गिरणीत जात, गोदीत जात. आज त्यांतील कितीतरी पोरे हॉटेलात जातात. “पोरगं पुण्याला हॉटेलात आहे” एवढेच आई सांगते. कोणत्या हॉटेलात आहे, काय काम करते, पगार किती, रात्री झोपते कुठे, हे तिला ठाऊक नसते. बहुतेक वेळा पोरानेच ते तिला सांगितलेले नसते.

म्हणून या सदरात आम्ही पब चांगले की वाईट या वादात शिरणार नाही. आमचा प्रश्न साधा आहे. शहराची जी नवी रात्र उजळते आहे, तिच्यात आमचा माणूस कुठे उभा आहे? तो कोणत्या दाराने आत जातो, आणि आत गेल्यावर त्याच्या हातात कोणता कागद असतो?

दाराचा इतिहास

हॉटेलचे दार ही आमच्या समाजासाठी कधीच किरकोळ गोष्ट नव्हती. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्याला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. शेवटी पारशी नाव घेऊन त्यांना पारशी पथिकाश्रमात राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्याने त्यांना तेथून बाहेर काढले. त्या काळच्या भारतात बाबासाहेबांइतके शिकलेली माणसे बोटावर मोजण्याइतकी होती. तरीही खिशातल्या पैशाने आणि हातातल्या पदवीने खोलीचे दार उघडले नाही. गावोगावच्या चहाच्या हॉटेलांबाहेर आमच्या आज्या-पणज्यांसाठी वेगळी कपबशी ठेवलेली असे. चहा प्यायचा, स्वतःच ती विसळायची आणि होती तिथे ठेवायची. हे आमच्या घराघरांत सांगितले जाते, त्यासाठी पुस्तकाची गरज नाही.

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने कागदावर तरी खुले झाले. त्याच ठरावाच्या आधारावर १९२७ चा महाडचा सत्याग्रह उभा राहिला. पण हॉटेल, दुकान, नाटकगृह ही खाजगी मालकीची. मालक म्हणे, माझी जागा, माझी मर्जी. या मर्जीला वेसण घातली ती भारताच्या संविधानाने. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आजच्या कलम १५ च्या मसुद्यावर चर्चा झाली. दुकान या शब्दात काय काय येते, असे सदस्यांनी विचारले. बाबासाहेबांनी तो शब्द शक्य तितका व्यापक केला. जो कोणी मोबदला घेऊन लोकांना सेवा देऊ करतो त्याची जागा म्हणजे दुकान, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे हे शब्द त्यामुळेच आज उभे आहेत. पब आणि लाऊंज हे त्या शब्दांच्या बाहेर नाहीत. एखाद्या ठिकाणी “प्रवेशाचा हक्क राखून” अशी पाटी लावलेली असते. ती पाटी जातीच्या किंवा धर्माच्या कारणाने कोणाला अडवू शकत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४ सांगते की अस्पृश्यतेच्या कारणावरून असा अडथळा आणणे हा एक ते सहा महिने तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

हा इतिहास आम्ही एवढ्याचसाठी सांगतो की हे दार आम्हाला कोणी मेहरबानीने उघडून दिलेले नाही. आज आयटीत नोकरी करणारा आमचा एखादा तरुण मित्रांबरोबर अशा ठिकाणी जेवायला गेला तर त्याला कोणी जात विचारत नाही. ही लहान गोष्ट नाही. मात्र जात विचारली जात नाही तेथे दुसरे काही विचारले जाते. इंग्रजी कसे बोलतो, बूट कोणते आहेत, जोडीदार बरोबर आहे की नाही, आत शिरण्याआधी किती हजार भरणार. पैशाच्या या चाळणीला कायदा हात लावत नाही. आणि उत्रोलीचे पोर ग्राहक म्हणून त्या दाराशी जातच नाही. ते मागच्या दाराने जाते.

मागचे दार

वकिली करताना गेल्या काही वर्षांत हॉटेलात काम करणारी बरीच पोरे आमच्याकडे आली. कोणाचा दोन महिन्यांचा पगार अडकलेला, कोणाची दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रे मालकाने ठेवून घेतलेली, कोणाच्या पगारातून फुटलेल्या ग्लासांचे पैसे कापलेले. एकाने सांगितले, “वकीलसाहेब, कागद मागितला तर म्हणतात उद्यापासून येऊ नको.” त्याचे हे एक वाक्य आम्हाला साऱ्या कथेचे सार वाटते.

या हॉटेलांतील कामाची उतरंड बाहेरून दिसत नाही. पुढे ग्राहकासमोर उभे राहणारे वेगळे असतात. तेथे “प्रेझेंटेबल” माणूस हवा असतो. म्हणजे गोरटेला, इंग्रजी बोलणारा, शहरी वळणाचा. त्याला ग्राहकाची बक्षिशी मिळते, त्याचे नाव विचारले जाते. मागे भटारखान्यात चिरणारे, तळणारे, भट्टीसमोर उभे राहणारे असतात. त्यांच्याही मागे मोरी असते. रात्री दहा ते तीन उष्टी भांडी घासणारे, तुंबलेली गटारे मोकळी करणारे, संडास धुणारे, ओकारी पुसणारे तेथे असतात. आणि दाराबाहेर काळे कपडे घालून बाउन्सर उभा असतो. तालमीत कमावलेले अंग घेऊन आलेला हा गावाकडचा पोर श्रीमंतांच्या भांडणात पहिला ठोसा खातो, आणि प्रकरण पोलिसात गेले की पहिले नाव त्याचेच लागते.

प्रत्येक हॉटेलात जात पाहूनच काम वाटले जाते, असे आमचे म्हणणे नाही. असे सरसकट बोलणे खरेही होणार नाही. पण पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले, इंग्रजी कच्चे, ओळखपाळख नाही, आडनाव सांगताच समोरच्याचा चेहरा किंचित बदलतो. या सगळ्याची बेरीज त्याला मोरीजवळ आणून उभे करते. मुंबईच्या गिरण्यांतही असेच होते. विणकाम खात्यात पगार जास्त होता. पण तेथे कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता. मालकाविरुद्ध लढताना एकजुटीची भाषा करता, मग विणकाम खात्याचे दार आम्हाला बंद का? १९३८ साली मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. पबच्या मोरीजवळ उभे राहिले की दोन्ही एकदम का सांगितले ते कळते.

आगीत कोण मरतो?

६ डिसेंबर २०२५ हा महापरिनिर्वाण दिन होता. लाखो भीमसैनिक चैत्यभूमीवर रांगेत उभे होते. त्याच रात्री गोव्यात हडफडे येथील एका नाईट क्लबला आग लागली आणि २५ माणसे मेली. त्यांतील २० जण तेथे काम करणारे कामगार होते. झारखंड, उत्तराखंड, आसाम, नेपाळ अशा दूरदूरच्या मुलखांतून पोटासाठी आलेली ती पोरे होती. बरेच जण तळघरातील स्वयंपाकघरात अडकले आणि धुराने गुदमरून गेले. नाच-गाणे वर चालले होते. बाहेर पडायला वाट अरुंद होती. क्लबचे बांधकाम पाडण्याची नोटीस पंचायतीने आधी दिलेली होती, पण क्लब चालूच होता. मालक काही तासांतच विमानाने थायलंडला निघून गेले. पुढे त्यांना परत आणून अटक झाली.

त्याआधी २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबला आग लागून १४ जणांचा जीव गेला होता. एके काळी जेथे गिरणीचा भोंगा वाजत होता तेथे हे पब उभे होते. त्या आगीनंतर चौकश्या झाल्या, बेकायदा शेड पाडल्या गेल्या, फायर ऑडिटची घोषणा झाली. आठ वर्षांनी हडफडे घडले. यावरून आम्ही एवढेच म्हणतो की पबच्या परवान्याचा कागद पाहणारे सरकार त्याच्या भटारखान्याला दुसरा दरवाजा आहे की नाही ते पाहत नाही. ग्राहकासाठी निदान जिना असतो. मोरीतल्या माणसासाठी जिनाही नसतो, आणि मेल्यानंतर तो तेथे कामाला होता हे दाखवायला कागदही नसतो. नियुक्तीपत्र नाही, हजेरी नाही, विम्याचा नंबर नाही. मग भरपाई कोणी, कोणाला आणि कशाच्या आधारावर द्यायची?

बुलडोझर कोणावर चालतो?

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये दारू पिऊन पोर्शे गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या एका बिल्डरच्या अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. काही तासांतच त्या मुलाला जामीन मिळाला आणि अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली. ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. पुढच्याच महिन्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका हॉटेलातील अमली पदार्थांची चित्रफीत बाहेर आली. लोक चिडले. ते बरोबरच होते. मग सरकारने काय केले? पुण्यातील बेकायदा पबवर बुलडोझर चालवण्याचे आदेश तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी दिले. गच्च्यांवरच्या शेड पाडल्या, काही ठिकाणांना टाळे लागले.

बेकायदा बांधकाम पाडलेच पाहिजे, त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण शेड उभी राहत असताना ज्यांनी डोळे मिटले त्यांना त्याचा जाब किती विचारला गेला? आणि टाळे लागल्यावर आत काम करणाऱ्या पोरांचे काय झाले? त्या महिन्याचा पगार कोणी दिला? आमच्याकडे त्या दिवसांत आलेल्या पोरांना हॉटेल बंद झाल्याचे दारावर लागलेले सील पाहून कळले होते. मालक दुसऱ्या नावाने दुसरीकडे दुकान मांडतो. पोराला खोलीचे भाडे द्यायचे असते.

हे पहिल्यांदा घडलेले नाही. २००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्सबारवर बंदी आणली. तरुण पिढी वाचवायची, स्त्रीची प्रतिष्ठा राखायची, असे सांगितले गेले. पण त्याच कायद्याने तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना, क्लबांना सूट दिली. गरिबाने पाहिलेला नाच अश्लील आणि श्रीमंताने पाहिलेला नाच कला, असा हा न्याय! या बंदीचा फटका बसलेल्यांत कोल्हाटी, बेडिया, नट अशा पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतल्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. श्रीमंतांची नीतिमत्ता वरच्या दर्जाची असते, हे गृहीतच न्यायालयाने फेटाळले. बंदीमुळे ७५ हजारांहून अधिक स्त्रिया बेरोजगार झाल्या आणि त्यांतील अनेकींना देहविक्रयाकडे वळावे लागले, याचीही नोंद घेतली. ज्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेसाठी कायदा केला, त्यांचीच ही गत झाली.

सरकारने २०१६ मध्ये नवा कायदा केला. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातील बऱ्याच जाचक अटी रद्द केल्या. मात्र काम करणाऱ्या स्त्रीशी लेखी करार असावा आणि तिचा मोबदला बँकेच्या खात्यात जमा व्हावा, ही अट न्यायालयाने ठेवली. आमच्या मते साऱ्या प्रकरणातून कामगाराने उचलावी अशी गोष्ट हीच आहे. बंदी आणि बुलडोझर यांनी काम करणाऱ्याची प्रतिष्ठा राखली जात नाही. लेखी करार आणि बँकेतील पगार यांनी ती थोडीतरी राखली जाते.

कायद्याचा कागद

आता कायदा काय देतो ते पाहू. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट दराने मोबदला, ओळखपत्र या तरतुदी आहेत. रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती, तिची सुरक्षितता आणि घरी पोचवण्याची सोय मालकाने केली पाहिजे. दहा किंवा अधिक कामगार असतील तर २१ हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला राज्य कामगार विमा लागू होतो. वीस किंवा अधिक असतील तर भविष्य निर्वाह निधी लागू होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतही नियुक्तीपत्र देण्याचे बंधन आहे.

पण एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची कला राज्यकर्त्यांना चांगली अवगत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यात बदल करायला मंजुरी दिली. हा कायदा दहा कामगारांपासून पूर्णपणे लागू होत होता, ती मर्यादा वीसवर नेण्याचे ठरले. दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा करण्याचे ठरले. उद्योग करणे सोपे व्हावे म्हणून हे केले, असे सांगण्यात आले. अठरा माणसांवर चालणारा लाऊंज यात कुठे बसतो? तो कायद्याच्या चौकटीतून बाहेर पडतो, आणि मालकाला फक्त आस्थापना सुरू केल्याची सूचना द्यायची राहते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा १९४६ साली कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ करणारी दुरुस्ती झाली. ऐंशी वर्षे होत आली आणि आमच्या राज्यात दिवसाच्या तासांचा काटा उलटा फिरतो आहे. याविरुद्ध आमच्या किती पुढाऱ्यांनी तोंड उघडले?

जमीन कोणाची, परवाना कोणाचा?

पबच्या चर्चेत जमिनीचे नाव कोणी काढत नाही. कोरेगाव पार्कला लागून असलेल्या मुंढव्यात आज पब आणि लाऊंजची गर्दी आहे. त्याच मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा ३०० कोटी रुपयांचा व्यवहार नोव्हेंबर २०२५ मध्ये उजेडात आला. गवगवा झाल्यावर तो रद्द करत असल्याचे जाहीर करावे लागले. १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्याने वतने गेली. पुन्हा दिलेली जमीन नव्या शर्तीने मिळाली, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय ती विकता येत नाही. हा नियम वतनदार महाराला त्याच्या दोन गुंठ्यांसाठी तहसील कचेरीत वर्षानुवर्षे खेटे घालायला लावतो, आणि चाळीस एकरांच्या वेळी मात्र कोणालाच आठवत नाही. शहर वाढते तेव्हा जमिनीचा भाव कोणाच्या पदरात पडतो आणि घाम कोणाचा गळतो, हे समजायला मुंढवा पुरेसा आहे.

परवान्याचेही तसेच आहे. मद्याचा परवाना, जागेचे भाडे, सजावट यांसाठी लागणारे भांडवल आमच्याकडे नाही. आणि निव्वळ जेवणाचे हॉटेल काढायचे म्हटले तरी एक प्रश्न उरतो. महामार्गावर मराठा खानावळ दिसते, मालवणी दिसते, आगरी दिसते, सावजी दिसते. स्वतःच्या समाजाचे नाव पाटीवर लिहून गल्ल्यावर बसलेला आमचा माणूस किती ठिकाणी दिसतो? आमच्या हातचे खायला गिऱ्हाईक येईल की नाही, या भीतीने तो पाटीवर निसर्गाचे नाहीतर देवाचे नाव लिहितो. हॉटेलात शिरण्याचे दार संविधानाने उघडले. गल्ल्यामागे बसण्याचे दार अजून अर्धेच उघडले आहे.

पाचवे शील

उत्रोली-भोरकडच्या वस्त्यांत हा विषय काढला की काही ज्येष्ठ उपासक विचारतात, “पोरं दारूच्या गुत्त्यावर राबतात आणि तुम्ही त्यांच्या हक्कांचं बोलता? पाचवं शील कुठं गेलं?” प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. दारूने आमच्या वस्त्या पोखरल्या, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक आहे? मादक पदार्थांचा व्यापार उपासकाने करू नये, हेही धम्मात सांगितले आहे. पण व्यापार करणारा कोण? ज्याच्या नावावर परवाना आहे आणि ज्याच्या गल्ल्यात नफा पडतो तो. राज्याच्या दारूबंदीच्या कायद्याखालीच मद्याचे परवाने वाटले जातात आणि सरकार त्यावर हजारो कोटींचा महसूल घेते. या सगळ्यांना सोडून, भांडी घासून बहिणीच्या शिक्षणाला पैसे पाठवणाऱ्या पोराला शीलभंगाचा दोषी ठरवणे हा धम्म नव्हे.

त्या पोराने स्वतः पेल्याला हात लावू नये, हे आम्ही त्याला जरूर सांगू. तेथील वाऱ्याने अनेक पोरे बिघडली, हेही आम्ही पाहिले आहे. रात्री तीन वाजता काम संपते, एसटी नाही, झोप नाही, आणि उरलेल्या बाटलीत थोडी असते. म्हणून दुसरे चांगले काम मिळवून देता आले तर ते जरूर द्यावे. जोवर ते देता येत नाही, तोवर त्याच्याकडे पाठ फिरवण्याचा अधिकार आम्हाला नाही.

काय करायचे?

भाषणे पुष्कळ झाली. उत्रोलीसारख्या प्रत्येक गावातील बौद्ध वस्तीने करण्यासारखी चार कामे आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही.

पहिले, गावातील कोण पोर पुण्यात कोणत्या हॉटेलात, कोणत्या कामावर आहे याची वही विहारात ठेवा. मालकाचे नाव, पत्ता, पगार, कामावर लागल्याची तारीख लिहा. उद्या हडफडेसारखे काही घडले तर निदान तो तेथे होता याचा पुरावा राहील.

दुसरे, मूळ प्रमाणपत्र कोणाकडेही ठेवायला देऊ नका, नक्कल द्या. नियुक्तीपत्र मागा. ते मिळत नसेल तर पगार रोख न घेता खात्यात मागा. तेही होत नसेल तर पगाराचे मोबाइलवरचे संदेश, हजेरीचे फोटो, गणवेशावरचे नाव जपून ठेवा. न्यायालयात अशाच चिठ्ठ्याचपाट्यांनी दावे उभे राहतात. पगार अडवला तर एकट्याने भांडायला जाऊ नका. पाच-दहा जणांनी मिळून कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

तिसरे, जातीवरून शिवी दिली गेली तर त्या क्षणी आजूबाजूला कोण होते ते लिहून ठेवा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या या कलमांत “लोकांच्या नजरेसमोर” हे शब्द महत्त्वाचे आहेत. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेला प्रकार त्यात बसत नाही. भटारखान्यात घडलेल्या प्रकरणांत आरोपीचा वकील पहिला बोट येथेच ठेवतो. साक्षीदार नसतील तर प्रकरण कोसळते.

चौथे, कामावर जाण्याआधी पोराला एवढेच शिकवा की नव्या जागी पहिल्या दिवशी बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा कुठे आहे ते पाहायचे. तो नसेल, किंवा त्यावर कुलूप असेल, तर अग्निशमन दलाला कळवायचे. नाव न देताही कळवता येते.

आणि चळवळीच्या नेत्यांना आमचे सांगणे आहे. वीस कामगारांची मर्यादा रद्द करा, रात्रपाळीच्या प्रत्येक कामगाराला वाहतूक द्या, परवाना नूतनीकरणाच्या वेळी कामगारांची यादी आणि विम्याचे क्रमांक जोडायला लावा, या मागण्या घेऊन एक मोर्चा कामगार आयुक्तालयावर काढा. पुतळ्याच्या आणि नामांतराच्या प्रश्नावर आम्ही रस्त्यावर उतरलो, उद्याही उतरू. पण पुण्याच्या शेकडो भटारखान्यांत रोज रात्री राबणारा आमचा तरुण कोणत्याच झेंड्याच्या हिशेबात नाही. दिवसा तो झोपलेला असतो, म्हणून सभेला येत नाही. रात्री सभा नसते.

बडोद्यात बाबासाहेबांना ज्या दाराबाहेर काढले गेले, तशी दारे त्यांनी संविधानाच्या एका कलमाने साऱ्या देशासाठी उघडली. त्या दारातून आमची पोरे आत गेली आहेत, पण मोरीपर्यंतच. तेथून पुढची वाट नेमणुकीच्या कागदावरून, संघटनेच्या पावतीवरून आणि शेवटी मालकीच्या सातबाऱ्यावरून जाते. उत्रोलीच्या आयांनी एवढे करावे. पोराने पहिला पगार पाठवला की आनंद जरूर करावा, आणि त्याच फोनवर त्याला विचारावे, “बाळा, कागद मिळाला का?”

जयभीम!